डाव्या कानातला पिक्चर

देवस्थळींनी दिलेल्या यादीत पाच पिक्चर होते आणि त्यांतल्या एकाचंही नाव त्यांना ठाऊक नव्हतं.

यादी शाल्मलीनं मागितली होती. ही पुण्याहून दोन वर्षांपूर्वी बंगळुरात नोकरीला आलेली मुलगी. येलहंक्याला राहते, कॉम्प्युटरवर नक्की काय करते ते तिच्या आईलासुद्धा सांगता येत नाही, पण कामाला वाघ. आपल्या मराठी मंडळात हळदीकुंकू आणि कोजागरी यांपलीकडे काही होत नाही, असं तिनं आल्या आल्या तोंडावर सांगितलं आणि दर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सकाळी अकराला सिनेमा दाखवायचं काम अंगावर घेतलं. नियम असा, की एका सभासदानं आयुष्यभराचे आपले पाच आवडते सिनेमे लिहून द्यायचे, पहिल्या नंबरचा सगळ्यांनी मिळून बघायचा आणि आधी त्या सभासदानं चार शब्द बोलायचे. तोवर सात जणांच्या याद्या झाल्या होत्या. सातांत मिळून सिनेमे नऊच, कारण सगळ्यांनी एकमेकांचंच उतरवलं होतं. एका गृहस्थांनी तर पहिल्या नंबरला एक मोठा परदेशी सिनेमा लिहिला आणि तो लागल्यावर विसाव्या मिनिटाला घोरायला लागले.

देवस्थळींचा कागद वेगळा होता. चंद्रकांत देवस्थळी, वय सत्त्याहत्तर, विमानांच्या कारखान्यात पस्तीस वर्षं काढून निवृत्त. सुरुवात ड्रॉइंग ऑफिसात झाल्यामुळे अक्षर अजून नकाशावर काढल्यासारखं, एका उंचीचं. त्या अक्षरात लिहिलं होतं : विहिरीचा, रेल्वे फाटकाचा, पोस्टातल्या बाईचा, जत्रेचा आणि दार उघडतं तो.

शाल्मलीनं कागद उलटून मागे बघितलं. "काका, ही नावं नाहीयेत."

"आमच्या घरात हीच नावं होती," देवस्थळी म्हणाले.

पाचही पिक्चर कन्नड होते. आता सांगायलाच हवं, की देवस्थळी पन्नास वर्षं बंगळुरात राहिले आणि कन्नड शिकले नाहीत. 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांवर त्यांनी रिक्षावाले, भाजीवाले आणि शेजारी निभावून नेले. कारखान्यात इंग्रजी आणि हिंदी, घरात मराठी, आणि दोहोंच्या मधलं सगळं वासंतीबाई बघत. असे पुष्कळ जण होते त्या पिढीत, आणि ते ही गोष्ट कौतुकानं सांगत. कौतुक करण्यासारखं त्यात काही नाही.

वासंतीबाई धारवाडच्या. मराठी त्यांची घरची आणि कन्नड अंगणातली. लग्न होऊन बंगळुरात आल्या तेव्हा देवस्थळी इंजिनांच्या चाचणीवर होते, आणि त्या घरघराटानं त्यांचा उजवा कान तिशीच्या आतच अधू झाला. म्हणून थिएटरात वासंतीबाई नेहमी डाव्या हाताला बसत. बंगळुरातल्याच शिवाजीनगरच्या बसस्टँडमागच्या थिएटरात शनिवारी मॅटिनीला दोघं जात. पडद्यावर लोक कन्नड बोलत आणि वासंतीबाई देवस्थळींच्या डाव्या कानात मराठीत पिक्चर सांगत. तोंडाला वेलदोड्याचा वास असे. मागचे लोक कुरकुरत, "अक्का, हळू," म्हणत. त्या आवाज आणखी खाली आणत, पण थांबत नसत. सांगणं नुसतं बोलण्याचा अर्थ लावण्यापुरतं नव्हतं. कोण कुणाचं कोण, कुणाच्या मनात काय, कोण काय लपवतंय, सगळं. मध्येच बोट पुढे करून म्हणत, "ती बघा. ती धाकटी."

वासंतीबाईंना जाऊन तीन वर्षं झाली होती आणि त्यांचा आवाज देवस्थळींना आठवेनासा झाला होता.

हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. फोटो होते, साड्या कपाटात होत्या, डब्यांवर त्यांच्या हातच्या चिठ्ठ्या होत्या. आवाज कुठेच साठवलेला नव्हता. बाई कॅमेरा दिसला की गप्प बसणाऱ्यांतल्या. पहिल्या वर्षी देवस्थळींना मनात आणलं की ऐकू यायचा. मग त्यातला हेल राहिला आणि आवाज गेला. मग हेलही पुसट झाला. एका दुपारी ते स्वयंपाकघरात उभे राहून तासभर प्रयत्न करत होते, आणि जो आवाज आला तो मुलगी केतकीचा होता. त्यांना खात्री वाटत होती, की अंधार असेल, ते पिक्चर चालू असतील आणि डावी खुर्ची रिकामी असेल, तर आवाज येईल. मंडळाची यादी हे निमित्त होतं. नाहीतर असल्या भानगडीत पडणारा हा माणूस नव्हे.

ते पिक्चर त्यांनी पुन्हा कधी बघितलेच नव्हते. पुढे टीव्हीवर त्यांतला एखादा लागला की वासंतीबाई उठून बंद करत. एकदा बघितला तेवढा पुरे, म्हणत, शिळं झालं की चव जाते.

आता पिक्चर शोधायचे कसे? देवस्थळींच्या शेजारी वादिराज म्हणून टेलिफोन खात्यातले निवृत्त गृहस्थ राहतात. मूळचे हुबळीचे, त्यामुळे मराठी बोलतात, त्यांच्या पद्धतीनं, आणि देवस्थळींना 'रायरे' म्हणतात, म्हणजे रावसाहेब. कन्नड पिक्चरांचा त्यांना इतका नाद, की कुठला पिक्चर कुठल्या शुक्रवारी लागला ते विचारा. शाल्मली कागद आणि देवस्थळींना घेऊन त्यांच्याकडे गेली. देवस्थळींनी पहिल्या पिक्चरची गोष्ट सांगितली. दोन बहिणी असतात. धाकटी गाणारी. गावात नाटक कंपनी येते आणि धाकटी तिच्याबरोबर निघून जाते. घरचे अब्रूला भिऊन तिची घागर आणि लुगड्याचा तुकडा विहिरीच्या काठावर ठेवतात, ती बुडाली म्हणून रडतात, दिवसकार्य करतात. थोरलीला खरं माहीत असतं, कारण मागच्या दारानं तिचं गाठोडं तिनंच बाहेर दिलेलं असतं. पुढे थोरली रोज विहिरीवर जाते, वाकून आत धाकटीचं नाव घेते, आणि विहीर ते नाव परत म्हणते.

वादिराज डोळे मिटून ऐकत होते. "असा पिक्चर नाही हो, रायरे."

"मी बघितलाय."

"बघितला असाल की. पण असा पिक्चर कन्नडमध्ये झालेला नाही. झाला असता तर मी चारदा बघितला असतो."

दोघांची चांगलीच जुंपली. शेवटी वादिराज म्हणाले, गोष्ट राहू द्या, दिसलं काय ते सांगा. देवस्थळींनी सांगितलं : काळ्या दगडाची पायऱ्यांची विहीर, काठावर तुटका रहाट, गाढवांच्या पाठीवर मडकी, जाड भुवयांचा माणूस. वादिराजांनी पटकन नाव सांगितलं आणि मग त्यांचा चेहरा जरा विचित्र झाला. "पण त्यात बहिणी नाहीत," ते हळूच म्हणाले. असंच करत चार पिक्चरांची नावं निघाली. पाचव्यातलं उघडं दार सोडून देवस्थळींना काही आठवेना. शाल्मलीनं चारही कुठून कुठून शोधून आणले.

वादिराजांच्या घरी दुपारी पडदे ओढून पहिला पिक्चर लावला. देवस्थळींनी डाव्या हाताला एक खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर छत्री आडवी ठेवली, शाल्मली बसायला आली तर तिला पलीकडे जायला सांगितलं. उजवीकडे वादिराज बसले. देवस्थळींच्या डाव्या कानात आता यंत्र असतं. उजव्या कानाशी बोलायचं तर ओरडावं लागतं. वादिराजांचा आवाज दणदणीत, त्यामुळे ते अर्थ सांगत होते तो दोन घरं सोडून ऐकू गेला असेल.

आणि वासंतीबाईंचा आवाज आला. काळ्या पायऱ्या पडद्यावर दिसल्या, आणि डाव्या कानाशी, यंत्राच्या बारीक सूं आवाजाच्या आतून म्हणावं तसा, तो आला. "ही थोरली. हिला सगळं ठाऊक आहे, पण बोलणार नाही बघा की." तोच धारवाडी 'की'. देवस्थळींनी दोन्ही हातांनी खुर्ची धरली.

उजव्या कानात वादिराज ओरडत होते, "दोघं भाऊ. पाण्याच्या पाळीवरून भांडण. बाई म्हणजे मोठ्याची बायको."

डाव्या कानात : "नाटकवाले आलेत हो गावात. धाकटीचं घरात लक्ष नाही."

उजव्या कानात : "दुष्काळ पडलाय. सरकारी माणसं मोजणीला आलीत."

अडीच तास हे असं चाललं. शेवटी ती बाई विहिरीवर वाकून ओरडते तेव्हा वादिराज म्हणाले, विहीर आटलीय, ती नवऱ्याला हाक मारतीय. देवस्थळी उठले आणि वादिराजांना म्हणाले, की तुम्हाला कन्नड येत नाही. असं म्हणणारे ते स्वतः कोण, तर पन्नास वर्षांत दोन शब्द शिकलेले. वादिराज हसले नाहीत. त्यांनी शाल्मलीला कॉफी आणायला आत पाठवलं.

पुढच्या आठवड्यात रेल्वे फाटकाचा झाला. वासंतीबाईंच्या तोंडून ऐकलेला असा, की फाटकवाल्याची बायको गाडीतून उतरणाऱ्या बाईला ओळखते, ती तिची घर सोडून गेलेली धाकटी बहीण, पण लोकांसमोर बोलता येत नाही, म्हणून हिरवा कंदील जास्त वेळ हलवत राहते. खऱ्या पिक्चरात चोरटा माल होता आणि पोलीस होते. पोस्टातल्या बाईचाही तसाच निघाला.

तिसऱ्या पिक्चरनंतर देवस्थळी घरी आले, यंत्र काढून ठेवलं आणि पलंगावर पडले. यंत्र काढलं की त्यांना जवळजवळ काही ऐकू येत नाही. तरी डाव्या कानाशी आवाज आला, "ती बघा. ती धाकटी." ते उठून बसले. खोलीत ऊन होतं, रस्त्यावर नारळपाणीवाला उभा होता, सगळं जिथल्या तिथे. आवाज परत मिळावा म्हणून त्यांनी हे आरंभलं होतं आणि आता तो आला की त्यांना तो नको होता. कारण ही बाई खोटं सांगत होती. आठ वर्षं, पिक्चरमागून पिक्चर, अंधारात, त्यांच्या कानाला तोंड लावून, खोटं.

तेव्हा त्यांना गिरिजा आठवली.

प्रत्येक पिक्चरात धाकटी बहीण असे आणि तिचं नाव दर वेळी गिरिजाच असे. देवस्थळींनी एकदा मध्यंतरात शेंगदाणे खात थट्टाही केली होती, की या कानडी लोकांत सगळ्या धाकट्या बहिणींची नावं गिरिजाच असतात काय. वासंतीबाई म्हणाल्या होत्या, "असतात." तेवढंच. शेंगदाण्याची पुडी हातात तशीच राहिली होती त्यांच्या. देवस्थळींना ती पुडी आता दिसत होती. तेव्हा बघितली असेल, पण दिसली नव्हती.

वासंतीबाई आईबापांची एकुलती एक. लग्नाच्या बोलण्यात तसंच सांगितलेलं, आणि सेहेचाळीस वर्षांत त्याहून वेगळं काही कुणी बोललं नव्हतं.

दोन दिवसांनी शाल्मली कार्यक्रमाच्या पत्रकासाठी देवस्थळींचा फोटो काढायला इंदिरानगरच्या घरी आली. फोटो काढला, चहा घेतला, कपबशी आत ठेवायला गेली ती भिंतीसमोर थांबली. भिंतीवर वासंतीबाईंचा तिशीतला फोटो आहे, कुणीतरी नकळत काढलेला. ओट्यापाशी एका पायावर उभ्या, दुसऱ्या पायाचं पाऊल पोटरीला टेकवलेलं, बगळ्यासारखं. कामात असल्या की तशाच उभ्या राहत.

"काकू सिनेमात काम करायच्या का?" शाल्मलीनं विचारलं.

देवस्थळी चिडले. घरंदाज बाई होती ती, म्हणाले. शाल्मली असल्या बोलण्याला भीक घालणारी नव्हे. तिनं फोन काढला. ही बाई आधीच्या पिक्चरांतही होती, अशी तिसरा पिक्चर बघतानाच तिला शंका आली होती आणि तिनं चारही पिक्चर घरी पुन्हा चाळून चार चित्रं काढून ठेवली होती. पहिल्यात विहिरीच्या पायरीवर घागर घेतलेली मोलकरीण. दुसऱ्यात गाडीतून उतरणारी उतारू. तिसऱ्यात पोस्टाच्या रांगेत तिसरी. चौथ्यात जत्रेत बांगड्यांच्या दुकानापाशी पाठमोरी, मग वळते. चारही जागी एकच बाई. पिक्चरात तिला वाक्य नाही, नाव नाही. गर्दी भरायला आणतात त्यांतली. पोस्टाच्या रांगेत ती एका पायावर उभी होती आणि दुसरं पाऊल पोटरीला टेकवलेलं होतं. हनुवटी वासंतीबाईंची. फोटो आणि फोन शेजारी धरले तर कोण कुठली ते सांगायला वेळ लागला असता.

"काका, तुम्हाला थिएटरात दिसली नाही ही?" शाल्मलीनं विचारलं.

दिसली नव्हती. वासंतीबाई दर वेळी बोट करून दाखवत होत्या आणि देवस्थळी ऐकत होते. बोट दिसत होतं, गोष्ट कळत होती, पण बोटाच्या टोकाला एक जिवंत बाई आहे हे काही डोक्यात आलं नाही.

शाल्मली गेली आणि मग त्यांना आणखी एक वाक्य आठवलं. ते न आठवतं तर बरं झालं असतं. लग्न होऊन महिना झाला असेल. त्यांची आई आली होती. ऑफिसातल्या एका सहकाऱ्याची मेव्हणी नाटक कंपनीत आहे असा विषय निघाला, आणि देवस्थळी भात कालवता कालवता म्हणाले होते, की असल्या घरातली मुलगी आम्ही पदरात घेतली नसती. त्यांना वाटलं, आईला बरं वाटेल. वासंतीबाई वाढत होत्या. त्यांनी तूप वाढलं आणि आत गेल्या. त्यानंतर पंधरा दिवसांनी त्या आपण होऊन म्हणाल्या, "अहो, शिवाजीनगरला एक पिक्चर लागलाय. जाऊ या का?"

बाई वाचनालयातून कन्नड साप्ताहिकं आणत, त्यांत पिक्चरांचे फोटो असत. त्यांत बहीण दिसली असेल, की आणखी कुठून कळलं असेल, हे समजायला आता मार्ग नाही. उजेडात सांगायची सोय नवऱ्यानं ठेवली नव्हती, म्हणून बाईनं अंधारात सांगितलं. पुन्हा पुन्हा सांगितलं. एकदा तरी हा माणूस विचारील, की ही गिरिजा कोण, म्हणून. देवस्थळींनी विचारलं ते एकदाच, तेही शेंगदाणे खात.

धारवाडला वासंतीबाईंचा चुलतभाऊ सुहास आहे, ऐंशीच्या पुढचा. त्या पिढीतला तेवढाच उरलाय. देवस्थळींनी त्याला फोन लावला. तब्येत, पाऊसपाणी, गुडघे झाले. मग देवस्थळींनी विचारलं, "वासंतीला सख्खी बहीण होती का?"

पलीकडे कुकरची शिटी झाली.

"गिरिजा म्हणून आमच्या घरात कोणी नव्हतं, भावजी," सुहास म्हणाला.

देवस्थळींनी नाव घेतलं नव्हतं. हे दोघांच्याही एकदमच लक्षात आलं असावं. सुहासनं फोन ठेवून दिला, आणि नंतर चारदा लावला तरी उचलला नाही.

त्या आठवड्यात पाचवा पिक्चर वादिराजांनी त्या उघड्या दारावरूनच शोधून काढला. देवस्थळींना तो बघायचा नव्हता आणि न बघून राहवतही नव्हतं. या खेपेला शाल्मलीला बोलावलं नाही. दोघंच बसले. डाव्या हाताला छत्री ठेवलेली खुर्ची. वादिराजांना एव्हाना सगळं सांगून झालं होतं. वादिराज उठले आणि त्यांनी त्या खुर्चीवरची छत्री काढून भिंतीला टेकवली. बसणाऱ्या माणसाला अडचण नको, अशा हातानं.

दोघांनी पिक्चर डोळ्यांत तेल घालून बघितला. प्रत्येक बाजार, प्रत्येक लग्न, प्रत्येक गर्दी थांबवून थांबवून. गिरिजा कुठेच नव्हती. डाव्या कानातला आवाजही या वेळी वेगळा होता. 'ती बघा' एकदाही आलं नाही. नुसतं, "असेल. आता येईल. अजून नाही आली." मग देवस्थळींना आठवलं, त्या शनिवारी वासंतीबाई थिएटरात सारख्या पुढे झुकत होत्या, आणि आपण वैतागून म्हणालो होतो, की नीट बसशील का. शेवटच्या प्रसंगात एक म्हातारी दार उघडते. पिक्चर संपतो. वासंतीबाईंनी कानात सांगितलं होतं, की बाहेर गिरिजा उभी आहे, आपल्याला दिसत नाही, पण आहे, आईनं तिला घरात घेतलं.

"खरं काय आहे?" देवस्थळींनी विचारलं.

"वाऱ्यानं कडी वाजली, रायरे. म्हातारी बघायला उठली. बाहेर कुणी नाही."

ते सन ब्याऐंशी. थिएटरातून बाहेर पडताना वासंतीबाई म्हणाल्या होत्या, आता पुरे झाले पिक्चर. त्यानंतर त्या कधी गेल्या नाहीत. देवस्थळींनी कारण विचारलं नाही. केतकीची शाळा वाढली, असं धरून चालले. वादिराजांनी पुढच्या सहा-सात वर्षांतले हाती लागले तेवढे पिक्चरही घरी एकटे बसून पालथे घातले. ती बाई पुन्हा कुठेच दिसली नाही. श्रेयनामावलीत असल्या बायकांची नावं घालत नाहीत, त्यामुळे तोही माग संपला.

रविवार उजाडला. सभागृहात पंचावन्न माणसं होती, कारण उपम्याबरोबर जिलबी आहे असं शाल्मलीनं पत्रकात लिहिलं होतं. निम्मी तरी नवी आयटीतली पोरं, कन्नडचा गंध नसलेली. म्हणून ठरलं होतं असं, की पिक्चर चालू असताना वादिराजांनी माईकवर मराठीतून अर्थ सांगत जायचं. केतकी पुण्याहून येणार होती, तिला सुटी मिळाली नाही. देवस्थळींना त्यातल्या त्यात ते बरंच वाटलं. तिला मावशीबद्दल फोनवर सांगायचं होतं आणि ते चार वेळा ठरवून राहिलं होतं.

आधी चार शब्द बोलायचे होते. देवस्थळी उभे राहिले, खिशातला कागद काढला, आणि पुन्हा खिशात ठेवला. मग वादिराजांकडे हात पुढे केला. वादिराजांनी माईक त्यांच्या हातात दिला.

"मला कन्नड येत नाही," देवस्थळी म्हणाले. "हा पिक्चर मला माझ्या बायकोनं सांगितला. तिनं सांगितला तसाच सांगणार आहे."

ते खाली बसले. डावी खुर्ची रिकामी होती. दिवे मालवले, काळ्या पायऱ्या पडद्यावर आल्या, आणि देवस्थळींनी कान देऊन वाट बघितली. काहीच आलं नाही. यंत्राची सूं होती, तेवढीच. इतक्या दिवसांनी पहिल्यांदाच डावी बाजू रिकामी होती. आणि पडद्यावर माणसं कन्नड बोलायला लागली होती, पंचावन्न जण वाट बघत होते. देवस्थळींनी माईक तोंडाशी धरला.

"ही थोरली," ते म्हणाले. "हिला सगळं ठाऊक आहे."

ते सांगत गेले. नाटक कंपनी, मागचं दार, गाठोडं. पहिल्या दहा मिनिटांत मागून अवधूत नावाचा एक पोरगा, इथेच जन्मलेला, कन्नड शाळेत शिकलेला, जरा मोठ्यानं म्हणाला, की काका, ते दोघं पाण्याच्या पाळीबद्दल बोलतायत. दोघं-चौघं हसले. देवस्थळी थांबले.

वादिराज वळले. "माझी भाषा आहे ती," त्यांनी सांगितलं. "बरोबर सांगतायत ते. गप बस की."

देवस्थळी पुढे सांगायला लागले.

पिक्चरात मध्यावर एक जागा आहे. मोलकरीण घागर घेऊन पायऱ्या चढून येते आणि तिसऱ्या पायरीवर क्षणभर थांबून सरळ कॅमेऱ्यात बघते. नवख्या माणसाच्या हातून होणारी चूक. दिग्दर्शकाच्या नजरेतून सुटलेली. थिएटरात या जागी वासंतीबाई बोलायच्या थांबल्या होत्या आणि त्यांनी देवस्थळींचं डावं मनगट धरलं होतं. किती घट्ट, ते देवस्थळींना आत्ता आठवलं, कारण मनगटाचं हाड दुखायला लागलं होतं. त्यांनी खाली बघितलं नाही.

"ती बघा," ते माईकमध्ये म्हणाले. "ती धाकटी. गिरिजा तिचं नाव. ती विहिरीत पडलेली नाही. वासंतीची सख्खी बहीण आहे ती. माझी मेव्हणी."

सभागृहात कुणीतरी खुर्ची सरकवली. शाल्मली दाराशी उभी होती, ती जिलबीचं ताट घेऊन तशीच उभी राहिली. पडद्यावरची बाई पंचावन्न माणसांकडे बघत होती, मग तिनं घागर सावरली आणि वर निघून गेली.

स्पीकरचा खोका सभागृहात डाव्या भिंतीला होता. देवस्थळी जे बोलत होते ते तिकडून, किंचित उशिरानं, त्यांच्या डाव्या कानातल्या यंत्रात परत येत होतं. बारीक होऊन, खालच्या पट्टीत. "थोरली आता विहिरीवर जाईल बघा की," असं त्यांना ऐकू आलं, आणि मग कळलं, की तो 'की' आपणच उच्चारला. पन्नास वर्षांत तो त्यांच्या तोंडी कधी नव्हता. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून हळूच विचारलं, की काका, तुम्ही धारवाडचे का.

पिक्चर अजून तासभर होता, आणि डावीकडून आवाज यायचा तर बोलत राहायला हवं होतं. ते बोलत राहिले.